वेदनायक शास्त्री घराणे

तंजावर येथील तमिळ प्रॉटेस्टंट कवी, कथाकार व सुवार्तिकांचे घराणे. मूळ पुरुष वेदनायकम् शास्त्री (७ सप्टेंबर १७७४–२४ जानेवारी १८६४). त्यांनी रचलेली पदे, नाट्ये आणि आख्याने गावोगावच्या ख्रिस्ती मंडळ्यांत गाऊन त्यांवर निरूपण करण्याचा व्यवसाय या घराण्यात अनेक पिढ्या चालत आला. तंजावरच्या भोसले दरबाराशी घराण्याचा निकटचा संबंध होता. शिवाय दाक्षिणात्य हरिकथेवरील मराठी प्रभावाच्या चर्चेत त्याचे नाव वारंवार येते. मायवरमचे मुन्सफ व आद्य तमिळ कादंबरीकार वेदनायकम् पिळ्ळै (१८२६–८९) हे कॅथलिक होते. त्यांचा या घराण्याशी संबंध नाही. नामसाम्यामुळे गल्लत होते.

पूर्वपीठिका : घराणे तिरुनेलवेली भागातील वेळ्ळाळ जातीचे. वेदनायकम् यांचे वडील अरुणाचलम् पिळ्ळै हे १७६० च्या सुमारास कॅथलिक झाले व देवसहायम् हे नाव त्यांनी घेतले. पुढे ते ल्यूथरन मंडळीत आले. हे दुसरे स्थित्यंतर ख्रिस्तियान फ्रीड्रिख श्वार्ट्स (१७२६–९८) या जर्मन मिशनऱ्याच्या संपर्कातून घडले. तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत १७०६ मध्ये सुरू झालेल्या मिशनचे श्वार्ट्स हे सर्वांत नामांकित प्रतिनिधी. ते १७७८ पासून तंजावरला राहू लागले होते. १७८५ च्या सुमारास तिरुनेलवेली भागाच्या दौऱ्यात त्यांनी सुमारे बारा वर्षांच्या वेदनायकम् या मुलाला वडिलांकडून मागून घेतले आणि तंजावरला आणले. तंजावरनंतर तरंगमबाडी येथे डॉ. योन प्रभृतींच्या हाताखाली त्याचे शिक्षण झाले. धर्मशास्त्राबरोबर खगोल, भूगोल, गणित व शारीरशास्त्र हे विषय त्यात होते. विसाव्या वर्षाच्या आतबाहेर तो तंजावरच्या मिशन शाळेत अध्यापक झाला. गावोगाव हिंडणाऱ्या उपदेशकांना घडवण्याचे काम याच शाळेत होत असल्यामुळे शास्त्रींच्या रचना आरंभापासूनच प्रवचनाच्या उपयोगाच्या झाल्या.

सरफोजींशी संबंध : तंजावरचे राजे दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) आणि शास्त्री हे श्वार्ट्स यांच्याकडचे सहाध्यायी होते, असे घराण्याची परंपरा व बहुतेक चरित्रकार सांगतात. कालक्रम पाहता हे विधान जपून घ्यावे लागते. तंजावरचे आधीचे राजे तुळजाजी यांनी सरफोजींना दत्तक घेतले ते १७८७ मध्ये. तुळजाजींच्या मृत्यूनंतर त्यांचा सावत्र भाऊ अमरसिंह याच्या अमदानीत सरफोजी बराच काळ जवळजवळ नजरकैदेत होते. १७९३ मध्ये त्यांना मद्रासला हलवण्यात आले. दरम्यान दोनेक वर्षे शास्त्री तरंगमबाडीला होते. तेव्हा दोघे एका वर्गात दीर्घकाळ शिकले असणे कठीण. एकाच गुरूचे शिष्य म्हणून ओळख व आपुलकी होती, एवढे मात्र मानण्यास हरकत नाही. श्वार्ट्स यांच्याविषयी सरफोजींना वाटणारा आदर निर्विवाद आहे. शिल्पकार फ्लॅक्समनकडून त्यांनी करवून घेतलेले संगमरवरी स्मारक तंजावरच्या श्वार्ट्स चर्चमध्ये आहे. मृत्युशय्येवरील गुरूचा हात हातात घेतलेले राजे त्यात कोरले आहेत.

राजांनी शास्त्रींना दरबारात ख्रिस्ती पदे गाण्यास सांगितल्याच्या आणि दरबारी काव्याच्या आरंभी गणेशवंदन रचण्यास शास्त्रींनी नम्रपणे नकार दिल्याच्या कथा आहेत. नकार पद्यातच दिला, असेही सांगतात. या कथांना समकालीन आधार तोकडा आहे, पण पुढच्या पिढ्यांच्या कथनात त्यांचे स्थान मोठे आहे. कवीने राजापुढे देव न बदलल्याचा आणि राजाने तरीही त्याला सांभाळल्याचा प्रसंग गावातील श्रोत्यांना हमखास धरून ठेवत असणार.

बेथलेहेम कुरवंजी : शास्त्रींची प्रमुख रचना. काळ साधारणतः इ. स. १८०० च्या आसपासचा मानतात. नंतरही तीत भर पडत गेली असावी. कुरवंजी हा तमिळ नृत्यनाट्यप्रकार. राजाची किंवा देवाची स्वारी मिरवत जाते, नायिका त्याच्यावर भाळते व विरहाने झुरते, डोंगरातली कुरवर जमातीची भविष्य सांगणारी बाई तिचा हात पाहून मिलनाचे भाकीत करते आणि शेवटी त्या बाईचा पारधी नवरा जाळे घेऊन तिला शोधत येतो, असा त्याचा ठरलेला साचा. त्रिकूडराजप्प कविरायर यांची अठराव्या शतकातील तिरुक्कुट्राल कुरवंजी याचा नमुना समजली जाते. तंजावरच्या मराठा राजांना हा प्रकार विशेष प्रिय होता. खुद्द सरफोजींवर कोट्टैयूर शिवक्कोळुंदु देशिकर यांनी रचलेली सरभेंद्र भूपाल कुरवंजी बृहदीश्वराच्या मंदिरात होत असे.

शास्त्रींनी साचा तसाच ठेवून त्यात रूपक भरले. नायक बेथलेहेमचा प्रभू, नायिका देवमोहिनी म्हणजे त्याची मंडळी. भविष्य सांगणारी सिंगी हा विश्वास आणि तिचा पारधी सिंगन हे ज्ञान. पाखरे धरणे म्हणजे माणसे प्रभूकडे आणणे. म्हणजे जाळे टाकणारा पारधी हा गावोगाव फिरणाऱ्या उपदेशकाचेच चित्र ठरतो. पाखरांच्या व ठिकाणांच्या लांबलचक याद्या म्हणण्याची सोय कुरवंजीत मुळातच असते. शास्त्रींनी ती भूगोल व खगोल सांगण्यासाठी वापरली, आणि पृथ्वी सूर्याभोवती फिरते हे कोपर्निकसचे मतही त्या ओघात मांडले.

येथे एक प्रश्न उपस्थित होतो. सरफोजींच्या नावावर देवेंद्र कुरवंजी हे मराठी नाट्य आहे. त्यातही भविष्य सांगणारी बाई इंद्राणीला जगाचा भूगोल, खंडे, देश व शहरे यांच्यासह ऐकवते. दोन्हींत कुरवंजीचा साचा आणि युरोपीय भूगोल यांची सांगड आहे. कोणी कोणापासून घेतले? बेथलेहेम कुरवंजीला प्राधान्य देणारे शास्त्रींच्या रचनेचा आरंभ आधीचा धरतात. उलट बाजूने, राजांची ग्रंथजिज्ञासा व शैक्षणिक कार्यक्रम पाहता मूळ कल्पना दरबारची असावी, असे म्हटले जाते. दोन्ही कृतींवर नंतर झालेले संस्कार लक्षात घेता काटेकोर पौर्वापर्य लावण्यापेक्षा, श्वार्ट्स यांच्या शिक्षणपद्धतीतून दोघांकडे एकच सामग्री आली आणि तंजावरात हाताशी असलेला नाट्यप्रकार दोघांनी तिच्यासाठी निवडला, हे मत अधिक सयुक्तिक वाटते. मराठी कृतीत प्रभू नाही आणि तमिळ कृतीत तो केंद्रस्थानी आहे, हा फरक अर्थातच मोठा.

इतर रचना : शास्त्रींच्या कृती शंभराहून अधिक मानल्या जातात. प्रार्थनापदांचा संग्रह जेबमालै, नोहाच्या तारवाची कथा सुताराच्या रूपकातून सांगणारे ज्ञानत्तच्च नाटकम्, अंधश्रद्धा व शकुन-अपशकुनांची टर उडवणारी शास्त्रक्कुम्मी या त्यांपैकी प्रसिद्ध. कुम्मी हा बायकांनी फेर धरून टाळ्यांच्या ठेक्यावर म्हणायचा प्रकार. विहिरीवर, अंगणात, लग्नघरी ती पाठ म्हटली जाई, आणि प्रवचन ऐकायला न येणाऱ्या बायकांपर्यंत विषय पोचे.

कथाकालक्षेप आणि मराठी कीर्तन : पल्लवी, अनुपल्लवी, चरण अशी बांधणी असलेले पद (कीर्तनै) म्हणायचे, साथीदारांनी पल्लवी उचलायची, मग त्या चरणाचा अर्थ गद्यात उलगडायचा, बायबलमधील प्रसंग रंगवायचा आणि पुन्हा पदावर यायचे, अशी शास्त्री घराण्याच्या कथनाची सर्वसाधारण रीत. मराठी वाचकाला नारदीय कीर्तनाची आठवण होणे स्वाभाविक आहे. त्यामुळे हे ख्रिस्ती कथन मराठी कीर्तनातूनच निघाले, असे मत काही मराठी लेखनात दिसते.

त्याच्या पुष्ट्यर्थ दिले जाणारे पुरावे असे : तंजावर येथे व मन्नारगुडीला सतराव्या शतकापासून समर्थ संप्रदायाचे मठ होते, सरफोजींच्या दरबारी मराठी कीर्तनकारांना आश्रय होता, त्याच परंपरेतील मेरुस्वामी पुढे त्रावणकोरला तेथील राजे स्वाती तिरुनाळ यांच्याकडे गेले. हे सर्व खरे. परंतु तमिळ हरिकथेचा मराठी वळणावर झालेला निश्चित कायापालट याच्या नंतरचा आहे. रामचंद्रबुवा मोरगावकर १८६० नंतर तंजावरला आले, त्यांची कीर्तने ऐकून तेथील गायकांनी साकी, दिंडी, ओवी, अभंग, घनाक्षरी हे प्रकार उचलले आणि तंजावर कृष्ण भागवतर (मृ. १९०३) यांनी त्यांना तमिळ कथेत पक्के बसवले, असा या क्षेत्रातील सर्वमान्य क्रम आहे. शास्त्रींचा मृत्यू १८६४ च्या जानेवारीतला. म्हणजे त्यांची जवळजवळ सारी हयात या कायापालटाच्या आधीची ठरते.

रचनाप्रकारांची साक्षही हेच सांगते. शास्त्रींच्या कृती कीर्तनै, सिंदु, कुम्मी, कण्णी, विरुत्तम्, तालाट्टु अशा तमिळ प्रकारांवर उभ्या आहेत. साकी-दिंडीवर त्यांची उभारणी नाही. त्यांना जवळचा नमुना शोधायचा तर तो शीर्काळीच्या अरुणाचल कविरायर (१७११–७९) यांच्या रामनाटकात सापडतो. रामायणाची संपूर्ण कथा कीर्तनैंतून मांडण्याचा तो प्रयोग शास्त्रींच्या बालपणी ताजा होता. देवळांत चालणाऱ्या पुराणकथनाचीही त्यास जोड द्यावी लागेल. मराठी कीर्तन शास्त्रींनी दरबारात ऐकले असणार यात शंका नाही, आणि एकट्या कथाकाराने रंगणात उभे राहण्याचा धीटपणा तिकडून आला असेल. पण पदाची घडण तमिळ आहे. मराठी छटा घराण्याच्या नंतरच्या पिढ्यांच्या सादरीकरणात आल्या असाव्यात, त्याही थेट मराठी कीर्तनकारांकडून नव्हे, तर सर्वत्र रूढ झालेल्या तमिळ हरिकथेतून.

महाराष्ट्रातील ख्रिस्ती कीर्तनाशी संबंध जोडण्याचाही प्रयत्न होतो. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनमध्ये कृष्णराव रत्नाजी सांगळे प्रभृतींनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ख्रिस्ती कीर्तन रूढ केले. नगर व मदुरे येथील अमेरिकन मिशने बॉस्टनच्या एकाच मिशनरी बोर्डाची होती, आणि तेथील एडवर्ड वेब यांनी १८५३ मध्ये शास्त्रींची पदे संकलित करून छापली होती. बातमी नगरपर्यंत पोचण्याचा मार्ग त्यामुळे दाखवता येतो. तरी नगरच्या कीर्तनकारांना आदर्श शोधायला तंजावरपर्यंत जाण्याची गरज नव्हती. तो त्यांच्या प्रत्येक गावच्या देवळात उभा होता.

मिशनशी संघर्ष : १८२० नंतर तंजावरला आलेल्या नव्या पिढीच्या मिशनऱ्यांशी, विशेषतः हाउब्रो यांच्याशी, शास्त्रींचे तीव्र मतभेद झाले. त्यांनी नव्या मिशनऱ्यांचे चार जुलूम म्हणून तक्रारी लिहिल्या : फॅब्रिशियस यांचे रुळलेले बायबल भाषांतर बदलणे, उपासनेत सर्व जातींना एकत्र बसवणे, समारंभांतून फुले व तमिळ रीती हद्दपार करणे, आणि तमिळ पदे बंद करणे. यांपैकी भाषांतर व संगीत यांबाबतची त्यांची बाजू आज सहानुभूतीने वाचली जाते. जातीची बाब वेगळी आहे. वेळ्ळाळ ख्रिस्त्यांनी निराळे बसणे हा सामाजिक रिवाज असून त्याचा श्रद्धेशी संबंध नाही, असा युक्तिवाद त्यांनी विस्ताराने केला. मिशनच्या खेड्यांतील मंडळ्यांत ज्यांना दूर बसवले जाई अशा जातींचे लोक मोठ्या संख्येने होते. त्यांच्यासाठी गाणारा कवी त्यांच्या शेजारी बसण्यास तयार नव्हता, आणि घराण्याचा गौरव करताना ही गोष्ट वगळून चालत नाही.

१८२९ मध्ये शास्त्रींना मिशनच्या सेवेतून दूर करण्यात आले. सरफोजींनी त्यांना दरबारी कवी म्हणून तनखा दिला. हिंदू राजाच्या पगारावर ख्रिस्ती काव्य लिहिले गेल्याचे हे उदाहरण विरळा आहे. १८३३ मध्ये कलकत्त्याचे बिशप विल्सन यांनी चर्चमधील जातिभेद बंद करण्याचा आदेश काढला, तेव्हा तंजावर व मद्रासमधील वेपेरी येथे फूट पडली आणि पुढे अनेक वेळ्ळाळ कुटुंबे लाइपझिग ल्यूथरन मिशनकडे गेली. सरफोजी १८३२ मध्ये वारले. १८५५ मध्ये सरफोजींचे पुत्र शिवाजीराजे निपुत्रिक वारल्यावर इंग्रजांनी गादी खालसा केली. त्यानंतर घराण्याची मदार ठिकठिकाणच्या मंडळ्यांनी दिलेल्या बिदागीवर राहिली, असे दिसते.

पुढील पिढ्या : शास्त्रींची मानसकन्या ज्ञानदीप अम्माळ उत्तम गात असे व वडिलांच्या कथनात साथ करी. चर्चमध्ये बाईने सर्वांसमक्ष गाऊन निरूपणात भाग घेणे त्या काळी अपूर्वच होते. पुत्रांपैकी नोहा ज्ञानाधिक्कम् व एलिया देवशिखामणि यांनी पदांचे जतन व कथनाचे काम चालवले. ‘सुविशेष कविरायर’ (सुवार्ताकवी) ही पदवी व शास्त्रियार हे उपनाम घराण्यात वारसाने आले. त्यानंतरच्या वंशजांनीही तंजावर व तिरुनेलवेलीकडील गावांत सणासुदीला आणि उपासकाळात कथा करण्याची रीत चालू ठेवली. विसाव्या शतकात त्यांचे कार्यक्रम शहरी चर्चमध्ये आणि संगीतसभांतही होऊ लागले.

शास्त्रींची पदे तमिळ प्रॉटेस्टंट गीतसंग्रहांत मोठ्या संख्येने असून आजही उपासनेत म्हटली जातात. पुष्कळदा मूळ राग-ताल बाजूला पडून हार्मोनियमला सोयीच्या चाली रूढ झाल्या आहेत. जुन्या चाली घराण्यातील गायकांकडे अधिक टिकल्या. हस्तलिखितांपैकी काही बंगळूरच्या युनायटेड थिऑलॉजिकल कॉलेजच्या संग्रहात, तर जातिविवादासंबंधीचे काही कागद लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत.