लार्ज सेंटची व्हरायटी विचारताना मागची बाजूही दाखवा

"फोटो पाठवलाय, व्हरायटी कोणती ते सांगा." लार्ज सेंटबद्दल (अमेरिकेचं जुनं, मोठं, तांब्याचं एक सेंटचं नाणं) असे निरोप आम्हाला रोज येतात आणि फोटो बहुतेकदा एकाच बाजूचा असतो: चेहरा आणि साल. तेवढ्यावरून व्हरायटीचा नंबर सांगता येत नाही.

लार्ज सेंटची व्हरायटी म्हणजे पुढचा डाय (नाण्यावर छाप उठवणारा ठसा) आणि मागचा डाय यांची जोडी. एक डाय तडकला की तो काढायचे आणि उरलेल्याला नवा जोडीदार द्यायचे. त्यामुळे तोच चेहरा दोन-तीन व्हरायटींवर सापडतो. 1801 चा शेल्डन 219 (शेल्डन यांच्या यादीतला व्हरायटी नंबर) बघा. 'युनायटेड'मधला 'यू' दोन 'आय'सारखा, पानांच्या चक्राला एकच देठ, खाली 1/100 ऐवजी 1/000. तिन्ही चुका मागच्या बाजूला! 1794 च्या शेल्डन 48 वरचे 94 बारीक तारेही मागेच, कडेच्या दातऱ्यांमध्ये. झिजलेल्या नाण्यावर त्यातले मोजकेच उरतात, म्हणून दहापट भिंग लागतं.

तेव्हा दोन्ही बाजूंचे फोटो पाठवा. मोबाईल नाण्याच्या बरोबर वर, फ्लॅश बंद, दिवा एका बाजूने तिरपा. वजन दोन दशांशांपर्यंत कळवा. 1795 मध्ये सेंटचं वजन 13.48 ग्रॅमवरून 10.89 वर आणलं. त्या सालच्या जाड नाण्यांच्या धारेवर अक्षरं आहेत, पातळ नाण्यांची धार कोरी. म्हणून धारेचाही फोटो हवा.

पाठवण्याआधी चिंच, लिंबू किंवा भांड्यांची पावडर लावू नका. तपकिरी थर गेला की खाली गुलाबी तांबं उघडं पडतं, आणि घासण्यात डायच्या तड्याच्या बारीक रेषा जातात. आम्ही ओळखतो त्याच रेषांवरून. घासलेली नाणी आम्ही परत घेत नाही.

नंबर द्यायला आम्हाला दोन-तीन दिवस लागतात, हे खरं. पण खात्री होईपर्यंत आम्ही तो पाकिटावर लिहीत नाही आणि तोवर भावही साध्या नाण्याचाच लावतो.

नव्याने सुरुवात करणाऱ्यांनी 1816 ते 1857 ची नाणी घ्यावीत. इथे शेल्डनऐवजी न्यूकम्ब यांच्या यादीतले नंबर चालतात, दर साली 1 पासून. 1793 आणि 1799 ची घाई नको. 1815 तर शोधूच नका, त्या सालचा सेंट निघालाच नाही. आमच्याकडे 1840 नंतरची नाणी वजन आणि नंबरासह मिळतात, कागदी पाकिटात. मऊ पीव्हीसी पाकिटात तांब्यावर हिरवा चिकट थर धरतो.