शेतीवाहिनीचे सौरीकरण

शेतीपंपांसाठी स्वतंत्र काढलेल्या वीजवाहिनीला उपकेंद्राजवळच उभारलेल्या छोट्या सौर प्रकल्पातून दिवसा वीज पुरवण्याची व्यवस्था. महाराष्ट्रात ती ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना’ या नावाने 2017 पासून राबवली जाते. शेतीत सौरऊर्जा आणण्यासाठीच्या केंद्र सरकारच्या 2019 मधील पीएम-कुसुम योजनेच्या ‘क’ घटकातही पुढे तिचा समावेश झाला. कोळसा सोडून स्वच्छ ऊर्जेकडे जाण्याचे अनेक मार्ग देशात चोखाळले जात आहेत. त्यांपैकी या मार्गाला गावातून मागणी आहे. शेतकऱ्याने हवामानबदलाचे नाव काढले नाही तरी त्याला ही व्यवस्था हवी असते, कारण त्याला दिवसाची वीज हवी असते.

रात्रीच्या विजेचे मूळ

महाराष्ट्रात शेतीपंपांच्या वीजजोडण्या 47 लाखांहून अधिक आहेत. महावितरणच्या एकूण ग्राहकांत त्यांचे प्रमाण सुमारे 16 टक्के, पण वीजवापरात त्यांचा वाटा सुमारे 30 टक्के धरला जातो. एवढा मोठा भार दिवसा एकाच वेळी घेणे यंत्रणेला झेपत नाही, म्हणून शेतीची थ्री फेज वीज पाळीने दिली जाते. आठवड्यातले काही दिवस ती दिवसा आठ तास मिळते, उरलेले दिवस रात्री आठ ते दहा तास. कोणत्या वाहिनीला कोणते वार, याचे वेळापत्रक ठरलेले असते.

रात्रीच का, याचे उत्तर कोळशात आहे. चंद्रपूर, कोराडी, खापरखेडा, भुसावळ, परळी, पारस, नाशिक या औष्णिक केंद्रांतले संच रात्री मागणी घटली म्हणून बंद करून पहाटे पुन्हा चालू करणे परवडत नाही. थंड झालेला बॉयलर तापवायला कित्येक तास लागतात आणि त्यात इंधनही बरेच जाते. म्हणून संच रात्रभर कमी भारावर चालू ठेवायचे आणि कारखाने, कार्यालये, दुकाने झोपलेली असताना निघणारी वीज विहिरींवरच्या मोटरींकडे वळवायची, अशी घडी बसली. वीज कंपनीच्या दृष्टीने ती सोयीची होती. तिची किंमत मात्र शेतात मोजली गेली.

रब्बीत गहू, हरभरा, कांदा यांना पाणी द्यायचे ते ऐन थंडीत. रात्री बाराला किंवा दोनला वीज येणार असेल तर त्या वेळी उठून, बॅटरी घेऊन दारं धरायला, म्हणजे वाफ्यावाफ्यात पाणी वळवायला, जावे लागते. सऱ्या-वाफ्यांच्या चिखलात पाय कुठे पडतो ते दिसत नाही, आणि सर्पदंशाचे भय कायमचे. जुन्नर, सिन्नर, निफाड या पट्ट्यांत उसात बिबट्याचा वावर असतो. विदर्भात रानडुकरे आणि जंगलालगत वाघ. पुरुष कामासाठी बाहेरगावी असेल तर हे काम घरातल्या बाईवर येते. त्यावर गावोगाव निघालेला उपाय म्हणजे ऑटो-स्विच. वीज येताच मोटर आपोआप सुरू होते. पण वाहिनीवरच्या सगळ्या मोटरी एकाच क्षणी सुरू झाल्या की डीपीवर (रोहित्रावर) एकदम भार येतो, विजेचा दाब उतरतो, डीपी जळते, आणि ती बदलून मिळेपर्यंत पीक वाळते. शिवाय कोणी हजर नसताना सुरू झालेली मोटर वाफा भरून वाहिला तरी थांबत नाही. पाणी वाया जाते, जमीन चिबडते. शेतीतल्या पाण्याच्या उधळपट्टीचा दोष शेतकऱ्याच्या सवयीला देताना ही रात्रीची वीज बहुतेकांच्या ध्यानात येत नाही.

रचना

ग्रामीण भागात 33 केव्ही (किलोव्होल्ट) दाबाची वीज उपकेंद्रात येते, तिथे तिचा दाब उतरवला जातो आणि 11 किंवा 22 केव्हीच्या वाहिन्यांनी ती गावाकडे जाते. पूर्वी घरे आणि मोटरी एकाच वाहिनीवर असत. मग शेतीचे भारनियमन केले की गावही अंधारात जाई. गावठाण वाहिनी आणि शेतीवाहिनी वेगळ्या करण्याचे काम या शतकाच्या पहिल्या दशकात हाती घेतले गेले. गुजरातने 2003 पासून ‘ज्योतिग्राम’ योजनेत हेच काम राज्यभर केले. ही फारकत झाली म्हणूनच पुढचे सौरीकरण शक्य झाले. शेतीचा भार वेगळा मोजता आणि वेगळ्या वेळी चालवता येऊ लागला.

सौर प्रकल्प शक्यतो उपकेंद्राच्या पाच ते दहा किलोमीटर परिसरात उभारतात. एका मेगावॉटला साधारण चार ते पाच एकर जमीन लागते आणि महाराष्ट्राच्या उन्हात वर्षाला सुमारे 15 ते 17 लाख युनिट वीज मिळते. प्रकल्प खासगी विकासक बांधतो. वीज खरेदीचा करार 25 वर्षांचा असतो आणि दर त्या काळासाठी ठरलेला असतो. अलीकडच्या निविदांत तो युनिटला तीन रुपयांच्या आसपास आला. शेतकऱ्याला काहीच बदलावे लागत नाही. मोटर तीच, स्टार्टर तोच, डीपीही तीच, बदलते ती विजेची वेळ.

या व्यवस्थेत बॅटरी नसते, कारण पाणी हवे तेव्हाच ऊनही असते. आभाळ भरून आले तर तूट ग्रिडमधून भरून निघते. उन्हाळ्यात विहिरी आटून मोटरी बंद पडल्या तर उरलेली वीज त्याच उपकेंद्रातून गावाला आणि तालुक्याला जाते. पावसाळ्यात सौर उत्पादन घटते, पण तेव्हा मोटरीही फारशा चालत नाहीत. दसरा-दिवाळीनंतर आकाश निरभ्र होते आणि रब्बीची मागणी वाढते, ती उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत टिकते. निसर्गाने जुळवून दिलेले हे वेळापत्रक इतर कोणत्याही वीजग्राहकाच्या वाट्याला आलेले नाही. वीज जिथे लागते तिथेच तयार होत असल्यामुळे चंद्रपूरहून पश्चिम महाराष्ट्रापर्यंत ती वाहून आणताना होणारी गळतीही टळते.

योजनेची वाटचाल

प्रत्येक शेतकऱ्याच्या बांधावर पॅनल देण्यापेक्षा पूर्ण वाहिनीलाच एक प्रकल्प जोडावा, ही मांडणी पुण्याच्या ‘प्रयास’ या संस्थेच्या ऊर्जा गटाने सातत्याने केली होती. राज्य सरकारने 2017 मध्ये योजना जाहीर केली तेव्हा राळेगणसिद्धी (जि. अहमदनगर, आताचे अहिल्यानगर) आणि कोळंबी (जि. यवतमाळ) ही दोन गावे प्रारंभीच्या प्रयोगासाठी निवडली गेली. पुढची काही वर्षे कामाचा वेग कमी होता. विखुरलेल्या लहान प्रकल्पांना विकासक सहज मिळत नव्हते, आणि उपकेंद्राजवळ सलग, निर्वेध जमीन मिळणे त्याहून कठीण होते.

केंद्राने पीएम-कुसुममध्ये वाहिनीच्या पातळीवरील सौरीकरणाला मान्यता दिल्यावर खर्चाच्या 30 टक्क्यांपर्यंत, मेगावॉटला कमाल 1.05 कोटी रुपये, अर्थसाहाय्य मिळू लागले. त्यानंतर 2023 मध्ये ‘मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना 2.0’ आली. 2025 अखेर किमान 30 टक्के शेतीवाहिन्या सौर करायच्या, त्यासाठी 7,000 मेगावॉट क्षमता उभारायची, असे सुरुवातीचे लक्ष्य होते. एमएसईबी सोलर अ‍ॅग्रो पॉवर लिमिटेड ही स्वतंत्र कंपनी त्यासाठी पुढे आली. एकेका उपकेंद्राऐवजी अनेक उपकेंद्रांचा गट करून निविदा काढल्यामुळे मोठे विकासकही उतरले. मार्च 2024 मध्ये सुमारे 9,000 मेगावॉटची कामे देण्यात आली. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूर तालुक्यात धोंदलगाव येथे सप्टेंबर 2024 मध्ये सुरू झाला. तो 3 मेगावॉटचा आहे. पुढे लक्ष्य 16,000 मेगावॉटपर्यंत वाढवण्यात आले. चंद्रपूरच्या महाऔष्णिक केंद्राची क्षमता 2,920 मेगावॉट आहे, यावरून या आकड्याचा अंदाज यावा. मात्र सौर मेगावॉट आणि औष्णिक मेगावॉट सारखी वीज देत नाहीत, सौर प्रकल्प वर्षभरात त्याच्या क्षमतेच्या पाचव्या हिश्श्याइतकीच देतो.

सौरपंपाची समांतर वाट

याच काळात ‘मागेल त्याला सौर कृषी पंप’ ही योजनाही 2024 मध्ये आली. तिच्यात शेतकऱ्याला ग्रिडशी संबंध नसलेला स्वतंत्र पंप मिळतो. सर्वसाधारण गटाने 10 टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांनी 5 टक्के रक्कम भरायची, बाकी अनुदान. अडीच एकरांपर्यंत 3, पाच एकरांपर्यंत 5 आणि त्यापुढे 7.5 अश्वशक्तीचा पंप, असे प्रमाण आहे. जिथे तारा पोचलेल्या नाहीत, जिथे डिझेल इंजिनावर पाणी उपसावे लागते, जिथे जोडणीचा अर्ज वर्षानुवर्षे पडून आहे, तिथे हा पंप वरदान आहे. पण तारा आधीच असलेल्या गावात तो दुय्यमच ठरतो. त्याच्या पॅनलवर वर्षातले बरेच दिवस ऊन पडते आणि वीज कोणाच्याच कामी येत नाही, कारण ती बाहेर जायला वाट नाही. खोल बोअरला 7.5 अश्वशक्ती पुरत नाही. वादळात पॅनल उलटले किंवा कंट्रोलर बिघडला की दुरुस्तीसाठी ताटकळावे लागते ते एकट्या शेतकऱ्यालाच. वाहिनीचे सौरीकरण या बाबतीत सरस आहे: एकही युनिट वाया जात नाही आणि देखभालीची जबाबदारी विकासकावर राहते.

पैसा

शेतीची वीज स्वस्त ठेवण्यासाठी उद्योग आणि व्यापारी ग्राहकांकडून जास्त दर घ्यायचा आणि उरलेला फरक राज्याच्या तिजोरीतून भरायचा, ही जुनी पद्धत. मोठ्या संख्येने जोडण्यांना मीटर नाही. त्यांचे बिल अश्वशक्तीवर निघते, त्यामुळे शेतीत खरोखर किती वीज जाते हा कायम वादाचा विषय राहिला. वितरणातली गळती आणि चोरी शेतीच्या नावावर खपवली जाते, असा आक्षेप ग्राहक संघटनांनी वारंवार घेतला आहे. प्रत्येक वाहिनीला तिचा प्रकल्प जोडला की वाहिनीच्या तोंडाशी मोजमाप होतेच. कित्येक वर्षे धूसर राहिलेला हिशेब त्यामुळे मांडता येईल, आणि हा फायदा विजेच्या दराइतकाच मोलाचा आहे.

2024 मध्ये ‘मुख्यमंत्री बळीराजा वीज सवलत योजने’ने 7.5 अश्वशक्तीपर्यंतच्या पंपांची वीज मार्च 2029 पर्यंत मोफत केली. सुमारे 44 लाख शेतकरी तिच्या कक्षेत येतात. मोफत विजेचे बिल सरकार भरणार असल्यामुळे ती वीज किती रुपयांना पडते, हा आता थेट तिजोरीचा प्रश्न झाला आहे. कोळशाची किंमत आणि वाहतूक वाढत जाते, सौर करारातला दर 25 वर्षे ठरलेला राहतो. शेतीचे अनुदान उतरवण्याचा शेतकऱ्याला न दुखावणारा दुसरा मार्ग आजवर कोणाला सापडलेला नाही. उद्योगांवरचा बोजा त्यामुळे हलका होणार असेल तर तो बिलात दिसला पाहिजे, हा उद्योजकांचा आग्रह रास्त आहे.

जमीन

खासगी जमीन भाड्याने घेतल्यास हेक्टरी वार्षिक 1,25,000 रुपये आणि त्यावर दरवर्षी 3 टक्के वाढ, असा दर दुसऱ्या टप्प्यात ठरवला गेला. कोरडवाहू, खडकाळ रानाच्या मालकाला इतके उत्पन्न शेतीतून क्वचितच मिळते. पण प्रकल्पांचा मोठा भाग सरकारी जमिनीवर आणि विशेषतः गायरानांवर उभा राहत आहे. कागदावर ‘पडीक’ असलेले गायरान मेंढपाळाचे चराऊ रान असते. भूमिहीनांनी, त्यातही दलित आणि भटक्या कुटुंबांनी, अनेक ठिकाणी ते वर्षानुवर्षे कसले आहे. ग्रामपंचायतींना तीन वर्षे दरवर्षी 5 लाख रुपये प्रोत्साहन म्हणून मिळतात. ज्याची शेळी त्या रानावर चरत होती त्याच्यापर्यंत त्यातले काही पोचत नाही. विहीर आणि मोटर असलेल्याला दिवसाची वीज मिळावी म्हणून विहीर नसलेल्याचे रान जावे, हा या योजनेतला खरा अन्याय आहे. भाड्याचा काही हिस्सा गायरानावर अवलंबून असलेल्या कुटुंबांना देण्याची तरतूद नियमातच असायला हवी.

भूजल

राज्यातल्या ओलिताचा मोठा भाग विहिरी आणि बोअरवर आहे. बेसाल्टच्या खडकात पाणी मर्यादित साठते आणि उपसा वाढला की शेजारच्या विहिरीची पातळी लगेच उतरते. दिवसा, भरवशाची आणि मोफत वीज मिळाल्यावर उपसा वाढेल, ही भीती निराधार नाही. दुसरी बाजूही आहे: माणूस हजर असताना पाणी दिले तर ते मोजून दिले जाते, ठिबक नीट चालते, ऑटो-स्विचवर मोटर सोडून द्यावी लागत नाही. यांतला कोणता परिणाम मोठा ठरेल हे गावागणिक बदलेल. वाहिनीवरील वीज आठ तासांचीच असल्याने स्वतंत्र सौरपंपाच्या तुलनेत इथे निदान वेळेची मर्यादा हातात राहते. गुजरातमधील खेडा जिल्ह्यात धुंडी येथे सौरपंपधारकांनी 2016 मध्ये सहकारी मंडळी काढून उरलेली वीज ग्रिडला विकायला सुरुवात केली. पाणी न उपसता वीज विकली तरी पैसे मिळतात, म्हणून उपसा आपोआप आवरतो, हा त्यामागचा विचार. महाराष्ट्राच्या वाहिनी योजनेत वीज विकासकाची असते. त्यामुळे पाणी वाचवणाऱ्या शेतकऱ्याला त्यातून काही मिळत नाही.

कोळसा आणि संध्याकाळ

कोळशावर केलेल्या एका युनिटमागे साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. त्या हिशेबाने एक मेगावॉट सौर क्षमता वर्षाला सुमारे 1,500 टन उत्सर्जन टाळते. ग्लासगो हवामान परिषदेत 2021 मध्ये भारताने 2070 पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट जाहीर केले, आणि 2025 मध्ये देशाच्या स्थापित वीजक्षमतेतील निम्मी क्षमता बिगर-जीवाश्म, म्हणजे कोळसा, तेल, वायू यांवर न चालणारी, झाली. प्रत्यक्ष विजेत मात्र कोळशाचाच वाटा अजून मोठा आहे.

शेतीचा भार रात्रीतून दिवसात आला की औष्णिक संचांची रात्रीची गरज खरोखर कमी होते. पण सूर्य मावळताच घरोघरी दिवे, पंखे, मिक्सर सुरू होतात. ती मागणी शेतीवाहिनीवरचे पॅनल भागवू शकत नाहीत. दुपारी संच कमी भारावर चालवायचे आणि संध्याकाळी झपाट्याने चढवायचे, ही कसरत जुन्या संचांना जड जाते. यावर बॅटरी आणि उदंचन जलविद्युत असे दोन उपाय पुढे आहेत. दुसऱ्याचा अनुभव राज्याला आहे. अकोले तालुक्यातील घाटघर येथे 250 मेगावॉटचा प्रकल्प सह्याद्रीच्या पायथ्याचे पाणी वरच्या धरणात चढवतो आणि मागणी चढली की ते खाली सोडून वीज बनवतो. तो आखला गेला तेव्हा पाणी चढवण्यासाठी रात्रीची शिल्लक औष्णिक वीज वापरायची, असे गणित होते. सौर वीज वाढेल तसे हे काम दुपारी करणे फायद्याचे होईल. सह्याद्रीत अशा अनेक नव्या प्रकल्पांचे करार राज्य सरकारने विकासकांशी केले आहेत.