आधी सांगायचं की आधी रोल करायचा? टेबलटॉप आरपीजीतल्या कृतिवर्णनाची पार्श्वभूमी

टेबलटॉप आरपीजी म्हणजे टेबलाभोवती बसून, एकेका पात्राची भूमिका घेऊन, तोंडी वर्णनावर आणि फाशांवर चालणारा खेळ. त्यात “मी पर्सेप्शन रोल करतो” (म्हणजे निरीक्षणाच्या कौशल्यासाठी फासा टाकतो) एवढं म्हटलं तर चालेल, की “गालिचा उचलून खालची फरशी चाचपतो” असं आधी सांगायला हवं? हा वाद आज बहुतेक टेबलांवर कधी ना कधी होतोच. खेळाडूच्या स्वभावाचा किंवा आळसाचा प्रश्न म्हणून तो मिटवला जातो. पण त्याचं मूळ नियमपुस्तकांत आहे, आणि त्यातलं बरंचसं डंजन्स अँड ड्रॅगन्स या खेळाच्या १९७५ च्या एका पुरवणीत.

त्याआधीचं थोडक्यात. १८२४ मध्ये प्रशियात छापल्या गेलेल्या युद्धखेळात खेळाडू आपल्या तुकड्यांना हुकूम द्यायचे आणि पंच तक्ते व फासे वापरून परिणाम ठरवायचा. १८७० च्या दशकात तक्ते बाजूला सारून पंचाच्या अनुभवावर चालणारी पद्धतही आली. १९६९ मध्ये मिनेसोटातल्या एका गटाने नेपोलियनच्या काळातलं काल्पनिक जर्मन गाव मांडलं आणि खेळाडूंना एकेका माणसाची भूमिका दिली. दोघांनी आपसात द्वंद्वयुद्ध जाहीर केलं. त्यासाठी नियमच नव्हता, तेव्हा पंचाला जागच्या जागी निकाल द्यावा लागला. नियमात नसलेली गोष्ट तोंडाने सांगून करून बघायची, ही वाट तिथे रुळली.

१९७४ च्या डंजन्स अँड ड्रॅगन्समध्ये खेळ कसा चालतो हे दाखवणारा संवाद आहे. तो रेफरी आणि ‘कॉलर’ या दोघांतच होतो. कॉलर म्हणजे साऱ्या पार्टीच्या, म्हणजे पात्रांच्या गटाच्या, वतीने बोलणारा खेळाडू. त्याची भाषा ‘आम्ही’ची, आणि बोलण्यात दिशा, फूट, दारं, जिने. अभिनय नाही, अलंकार नाहीत. तरीही ते वर्णनच होतं, कारण पुढे काय होणार हे त्या शब्दांवर ठरायचं. दाराआडचा आवाज ऐकू येतो का यासाठी डाइस होता, गुप्त दारासाठीही होता. सापळा शोधण्याचा आकडा मात्र कुणाच्याच नावावर नव्हता; ड्वार्फ म्हणजे बुटक्या पात्रांच्या सापळे लक्षात येतात, एवढंच म्हटलं होतं. सामानाच्या यादीत दहा फुटी काठी होती. ती पुढे धरून फरशी ठोकत जायचं, नाहीतर जमिनीवर पाणी ओतून ते कुठे झिरपतंय ते बघायचं. अशी युक्ती सांगितली की ती पात्राने केली, आणि ती चालेल का हे रेफरी ठरवायचा.

१९७५ च्या पुरवणीने ‘थीफ’ म्हणजे चोर हा नवा पात्रवर्ग आणला: कुलूप उघडणं, सापळे निकामी करणं, सावलीत लपणं, आवाज न करता चालणं, आणि यातल्या बहुतेक कामांपुढे टक्के. इथे जे घडलं त्याचा परिणाम पन्नास वर्षं पुरला आहे. एका वर्गाला टक्के मिळाले आणि बाकीच्यांचं काय, हा प्रश्न उघडा राहिला. लढवय्याने भिंतीच्या कडेने दबकत जायचं ठरवलं तर त्याला ते जमतं की नाही? कालपर्यंत रेफरी म्हणाला असता, कसा जातोस ते सांग. आता तो म्हणू लागला, ते थीफचं काम.

आकडे बघितले की गुंता आणखी दिसतो. डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या १९८१ च्या बेसिक संचात पहिल्या पातळीच्या थीफला सापळा सापडण्याची शक्यता १० टक्के, तर खोलीतला सापळा योग्य जागी शोधणाऱ्या कुठल्याही पात्राला सहात एक, म्हणजे जवळपास १७ टक्के. त्याच पुस्तकातल्या नमुना संवादात पार्टीचा थीफ पेटीत सापळा आहे का ते तपासतो, त्याला काही सापडत नाही, तो पेटी उघडतो आणि विषारी सुईने कोसळतो. त्याने पेटी आधी उलटी केली असती, लांबून काठीने झाकण उचललं असतं तर? १९७४ च्या पद्धतीत हा प्रश्न निर्णायक होता. इथे तो विचारायची गरजच उरली नाही.

टक्क्यांच्या बाजूचा युक्तिवाद खरा आहे आणि तो मांडायलाच हवा. ताकदवान पात्र खेळायला कुणी खेळाडूला वजन उचलायला लावत नाही. मग बुजऱ्या माणसाने गोडबोल्या मुत्सद्दी का खेळू नये? शिवाय रेफरीच्या मर्जीवर सगळं सोडलं की रेफरीला ओळखणारा जिंकतो. कौशल्यांच्या याद्यांनी या दोन्ही अडचणी कमी केल्या. १९८१ च्या कॉल ऑफ क्थुलूमध्ये लपलेली वस्तू दिसण्यालाही टक्के आहेत, आणि चौकशीच्या त्या खेळाला ते शोभतात. पण डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २००० च्या तिसऱ्या आवृत्तीत ‘टेक ट्वेंटी’ आलं. घाई आणि धोका नसेल तिथे वीसपट वेळ खर्चायचा आणि डाइसवर २० आलेत असं धरायचं. एका जागेची कसून झडती दोन मिनिटांत उरकली. खेळाडूने हात कुठे घातला, काय उचललं, काय जागेवर ठेवलं, हे सांगण्याचं कारणच संपलं. माझ्या मते इथे फार मोलाचं काही गमावलं.

पुढची वीसेक वर्षं याचीच उत्तरं देण्यात गेली. २००१ च्या एक्झाल्टेड या खेळाने ‘स्टंट’चे जादा डाइस दिले: वर्णन छान असेल तर एक, आजूबाजूच्या गोष्टी वापरल्या तर दोन, सारं टेबल थक्क झालं तर तीन. टेबलं जिवंत झाली, पण प्रत्येक तलवारीच्या वारामागे चार वाक्यं बोलण्याचा थकवाही आला. जुन्या पद्धतीच्या पुनरुज्जीवनवाद्यांनी २००८ च्या सुमारास नियमांपेक्षा रेफरीचा निर्णय मोठा, ही जुनी भूमिका पुन्हा मांडली. २०१० च्या अपोकॅलिप्स वर्ल्डने क्रमच बांधून दिला: ‘मूव्ह’ (नियमात नाव दिलेली चाल) हवी असेल तर पात्राने ती कृती गोष्टीत करायला हवी, आणि ती केली तर डाइस टाळता येत नाही. २०१७ च्या ब्लेड्स इन द डार्कमध्ये कुठलं कौशल्य वापरायचं हे खेळाडू ठरवतो, आणि सांगितलेल्या कृतीवरून धोका किती व परिणाम किती हे रोलआधीच उघडपणे ठरतं. या सर्वांत मला हेच उत्तर सर्वांत प्रामाणिक वाटतं. इथे सुंदर बोलल्याचं बक्षीस नाही, नेमकं बोलल्याचा उपयोग आहे.

डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीने पात्र साकारण्याच्या दोन रीती मान्य केल्या, तृतीय पुरुषात सांगणं आणि पात्राच्या तोंडून बोलणं, आणि दोन्हींना जागा दिली. मराठीत खेळताना हा फरक क्रियापदातच पडतो. मुलगा स्त्रीपात्र खेळत असेल तर “मी दार उघडतो” म्हणायचं की “उघडते”, हे त्याला वाक्य संपायच्या आत ठरवावं लागतं. “ती दार उघडते” म्हटलं की सुटका होते. २०१५ पासून अमेरिकेतल्या व्हॉइस अभिनेत्यांच्या एका गटाने आपला खेळ थेट प्रक्षेपित केला. शेवटचा वार कसा झाला हे सांगायचा मान खेळाडूला देण्याची त्यांची रीत जगभर पसरली. ते वर्णन रंगतं, पण ते निकालानंतर येतं, त्याने काही ठरत नाही.

त्याच आवृत्तीच्या २०२४ च्या सुधारित पुस्तकात आधीपासूनच्या ‘सर्च’ (शोधणं) च्या जोडीला ‘स्टडी’ (अभ्यासून बघणं) आणि ‘इन्फ्लुअन्स’ (मन वळवणं) याही नाव दिलेल्या कृती झाल्या. ‘इन्फ्लुअन्स’मध्ये डीएम, म्हणजे खेळ चालवणारा रेफरी, आधी बघतो की समोरचा मुळातच राजी आहे, ठाम नकारात आहे, की घुटमळतोय. पहिल्या दोन्हींत रोल नाही. तो घुटमळत असेल तरच डाइस पडतो.