सायन्स ऑलिंपियाडमधलं ‘मिशन पॉसिबल’: अर्ज कोण करतं, पात्रता काय आणि कागद कोणते लागतात

ऑगस्ट संपत आला की अमेरिकेतल्या आमच्या रविवारच्या मराठी शाळेच्या पार्किंगमध्ये हा प्रश्न येतोच: “सायन्स ऑलिंपियाडचा फॉर्म कुठे मिळतो हो?” उत्तर ऐकून लोक जरा हिरमुसतात. असा फॉर्म नसतो. निदान आईबाबांनी भरायचा तरी नसतो. सभासद होते ती शाळा, संघ नोंदवते ती शाळा, आणि तुमच्या मुलाला त्या संघात घ्यायचं की नाही हे ठरवतो शाळेचा प्रशिक्षक. आपल्या वाट्याला सह्या, गाडी चालवणं आणि गरम गोंदाच्या बंदुकीच्या कांड्या पुरवणं एवढंच येतं. तरी ही प्रक्रिया पालकांनी समजून घ्यावी, कारण मुलं चुकतात ती बहुतेक कागदात चुकतात, यंत्रात नाही.

आधी एक घोळ मिटवते. भारतातून नुकत्याच आलेल्या घरांना ‘सायन्स ऑलिंपियाड’ म्हटलं की पर्यायी उत्तरांवर खुणा करायची शाळेतली परीक्षा आठवते. ती सायन्स ऑलिंपियाड फाउंडेशनची, वेगळी. मानखुर्दच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रातून ज्या आंतरराष्ट्रीय ऑलिंपियाडसाठी भारताचे संघ निवडले जातात, त्याही वेगळ्या. मी लिहितेय ती अमेरिकेतली, १९८४ पासून चालणारी शालेय संघांची स्पर्धा. तिच्यात २३ प्रकार असतात. काहींची लेखी परीक्षा होते, काहींत प्रयोग करायचा असतो, तर काहींत घरून वस्तू बनवून न्यायची असते. ‘मिशन पॉसिबल’ हा बनवून न्यायचा प्रकार. एका पेटीत तरफ, कप्पी, उतरण, पाचर, स्क्रू आणि चाक-आस यांची अशी साखळी रचायची, की सुरुवातीची एक कृती केली की पुढचं सगळं आपोआप, एकामागून एक घडत जाऊन शेवटचं ठरवून दिलेलं काम व्हावं. मध्ये हात लावायचा नाही.

असल्या यंत्रांना इथे ‘रूब गोल्डबर्ग’ म्हणतात. हा १८८३ साली सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेला व्यंगचित्रकार. शिकला होता अभियांत्रिकी. बर्कलीहून १९०४ साली पदवी घेतली, शहराच्या पाणी-सांडपाणी खात्यात थोडे दिवस नोकरीही केली, मग सोडली आणि चित्रं काढायला लागला. साधं काम जास्तीत जास्त वाकड्या वाटेने करणारी यंत्रं ही त्याची खासियत. १९४८ साली पुलित्झर मिळालं ते मात्र एका राजकीय व्यंगचित्राला. त्याच्या नावाची यंत्रस्पर्धा १९४९ साली पर्ड्यू विद्यापीठात विद्यार्थ्यांच्या दोन गटांच्या चढाओढीतून सुरू झाली. ती या ऑलिंपियाडहून निराळी आहे. दोन्हींचे नियम एकमेकांत मिसळू नका. इंटरनेटवरचे निम्मे व्हिडिओ त्या दुसऱ्या स्पर्धेचे असतात.

कोण भाग घेऊ शकतं

‘ब’ गट सहावी ते नववीचा, ‘क’ गट नववी ते बारावीचा. संघ जास्तीत जास्त १५ जणांचा. त्यात ‘ब’ गटात नववीची पाचांहून जास्त मुलं चालत नाहीत आणि ‘क’ गटात बारावीची सातांहून जास्त चालत नाहीत, म्हणजे सगळ्यात वरच्या वर्गानेच संघ भरून टाकायचा नाही. नववीतलं मूल दोन्ही गटांच्या सीमेवर येतं. ते कुठे बसणार, हे शाळा कोणत्या इयत्तांची आहे त्यावर अवलंबून असतं. संघाने बोलावलं तर गटाच्या खालच्या इयत्तेतलं मूलही घेता येतं, पण एका वर्षात एकाच संघात. घरी शिकणाऱ्या मुलांच्या संघांसाठी वेगळ्या अटी आहेत.

व्हिसाबद्दल दर वर्षी कुणीतरी दबक्या आवाजात विचारतं. पात्रता शाळेच्या पटावरून ठरते. मूल त्या शाळेत शिकतंय, योग्य इयत्तेत आहे, एवढं पुरतं.

आता गणित करा. २३ प्रकार, बहुतेक प्रकारांत दोघांची जोडी, काहींत तिघं, आणि माणसं फक्त १५. म्हणजे प्रत्येकाला तीन किंवा चार प्रकार करावेच लागतात. “आमचा फक्त मशिन बनवणार” असं प्रशिक्षकाला सांगून उपयोग नसतो. शाळेच्या निवड-चाचणीत खडक-खनिजं किंवा शरीररचनेची परीक्षा बरी देणारं मूल संघात आधी येतं, यंत्र बनवण्याची हौस नंतर बघतात.

वर्षाचा क्रम

सप्टेंबरच्या सुरुवातीला त्या वर्षीची नियमपुस्तिका प्रसिद्ध होते आणि संकेतस्थळावर फुकट उतरवून घेता येते. पहिलं काम एकच: या वर्षी मिशन पॉसिबल आहे का आणि कोणत्या गटात, ते पाहणं. प्रकार आलटूनपालटून येतात. काही वर्षी तो ‘ब’ गटात असतो, काही वर्षी ‘क’मध्ये, काही वर्षी नसतोच. थोरल्याने बनवलेली पेटी धाकट्यासाठी तळघरात जपून ठेवणारी घरं मला माहीत आहेत. नका ठेवू. सुरुवातीचं काम, शेवटचं काम, पेटीचं माप, गुण मिळणाऱ्या कृती, सगळं बदलतं.

त्यानंतर शाळा आपल्या राज्याच्या शाखेकडे सभासदत्व भरते. राज्य एवढ्यासाठी महत्त्वाचं, की शुल्क, शेवटची तारीख, एका शाळेचे किती संघ चालतील हे सगळं तिथे ठरतं. कॅलिफोर्नियात तर उत्तर आणि दक्षिण अशा दोन वेगळ्या शाखा आहेत. त्यामुळे टेक्सासमधल्या ह्यूस्टनच्या मैत्रिणीने सांगितलेली तारीख कॅलिफोर्नियातल्या फ्रीमाँटला लागू पडत नाही. आपल्याच शाखेचं संकेतस्थळ बघा.

शाळा सभासदच नसेल तर? तेव्हा मात्र पालकांना हालचाल करावी लागते. विज्ञानाच्या एका शिक्षकाला प्रशिक्षक व्हायला तयार करायचं, मुख्याध्यापकांची परवानगी मिळवायची आणि शाखेच्या मुदतीआधी शाळेच्या नावाने नोंदणी करवून घ्यायची. शिक्षक तयार होतात. त्यांना भीती २३ प्रकारांची असते. “यंत्रांचे प्रकार आम्ही सांभाळतो” असं चार पालकांनी आधीच सांगितलं, तर ते लवकर हो म्हणतात, हा माझा अनुभव.

संघ निवडल्यावर हिवाळ्यात निमंत्रित, म्हणजे सरावाच्या, स्पर्धा असतात. त्यांच्या गुणांवर पुढची पात्रता ठरत नाही, तरी यंत्रवाल्यांनी त्या चुकवू नयेत. मग प्रादेशिक, वसंतात राज्यस्तर आणि मे महिन्यात राष्ट्रीय.

कागद

पालकांकडून शाळा सहसा संमतीपत्र, वैद्यकीय माहिती आणि तातडीचा संपर्क, छायाचित्रं घ्यायची परवानगी एवढं मागते. संघाची नावं-इयत्तांची यादी शाळा देते, तिच्यावर बहुतेक ठिकाणी मुख्याध्यापकांची सही लागते. बऱ्याच राज्यांत प्रत्येक संघामागे एकदोन स्वयंसेवक द्यावे लागतात, आणि जिथे ‘स्कूल डिस्ट्रिक्ट’चा, म्हणजे त्या भागातल्या सरकारी शाळा चालवणाऱ्या मंडळाचा, नियम असेल तिथे स्वयंसेवक पालकाची पार्श्वभूमी-तपासणी होते. तिला वेळ लागतो. स्पर्धेच्या आठवड्यात अर्ज केला तर आपण बाहेर पार्किंगमध्येच.

आणखी एक कागद आहे, त्याच्यावर कोणाची सही नसते, आणि तोच सगळ्यांत महत्त्वाचा. कृतींची क्रमवार यादी. यंत्रात काय काय घडतं ते पहिल्या कृतीपासून शेवटच्या कृतीपर्यंत, क्रमांक घालून, नियमात दिलेल्या नमुन्याप्रमाणे लिहायचं, आणि तेच क्रमांक यंत्रावर त्या त्या जागी चिकटवायचे. पंच एका हातात ही यादी धरतात आणि यंत्राकडे बघतात. यादीत आहे पण घडलं नाही, किंवा घडलं पण यादीत नाही, दोन्हीकडे नुकसान. शिवाय यादी नीट असल्याचे गुण वेगळे.

आमच्या घरी एका वर्षी स्पर्धेच्या आदल्या रात्री अकरा वाजता पाचर दगा द्यायला लागली. मुलाने आणि त्याच्या जोडीदारणीने शहाणपणाने ती कृती काढून टाकली, दोन टोकं जोडली, यंत्र सलग पाच वेळा चाललं, आणि दोघं आनंदाने झोपली. यादी मात्र आठवडाभर आधी छापलेली. सकाळी यंत्र सुंदर चाललं. पंचबाई सातव्या क्रमांकावर बोट ठेवून विचारत राहिल्या, “हे कुठे आहे?” तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे: स्क्रूड्रायव्हर हातात घेतला की लॅपटॉपही उघडायचा.

यंत्राच्या अटी

आकडे त्या वर्षीच्या पुस्तिकेतूनच घ्यायचे, पण चौकट साधारण ठरलेली असते. पेटीच्या लांबी, रुंदी, उंचीला कमाल मर्यादा असते, आणि बऱ्याच वर्षांच्या नियमांत पेटी त्याहून लहान केली तर मिलिमीटरच्या हिशेबाने जादा गुण मिळतात. आतलं सगळं पंचांना दिसायला हवं, म्हणून वरची बाजू आणि निदान एक उभी भिंत उघडी किंवा पारदर्शक ठेवतात. वीज लागलीच तर बॅटरीची, तीही ठरलेल्या व्होल्टच्या आत. संगणक किंवा आधीच प्रोग्रॅम केलेली चिप वापरून वेळ साधणं सहसा चालत नाही. साखळी एकच असावी लागते. बाजूला एक फांदी फोडून तिथे गंमत दाखवली आणि ती मुख्य साखळीला परत मिळाली नाही, तर ते मान्य होत नाही.

साधी यंत्रं मुलांना इंग्रजीतून पाठ असतात, पण ओळखता येत नाहीत, आणि तरफेच्या तीन प्रकारांत तर हमखास गडबड होते. इथे आपलं स्वयंपाकघर कामाला येतं. सांडशी पहिल्या प्रकारची: टेकू मध्ये, एका बाजूला जोर, दुसऱ्या बाजूला पातेलं. अडकित्ता दुसऱ्या प्रकारचा: टेकू टोकाला, सुपारी मध्ये, जोर दुसऱ्या टोकाला. फुलके भाजायचा चिमटा तिसऱ्या प्रकारचा: जोर मध्ये, फुलका टोकाला. माझ्या मुलाला हे आजीने व्हिडिओ कॉलवर तिन्ही वस्तू कॅमेऱ्यासमोर धरून शिकवलं, आणि तो पुन्हा चुकला नाही. विहिरीचा रहाट म्हणजे चाक आणि आस. कप्पी एकच आणि छताला पक्की असली तर फक्त जोराची दिशा बदलते. जोर वाचवायचा असेल तर हलती कप्पी लागते, आणि वजन दोरीच्या किती पदरांनी तोललं आहे ते मोजलं की आदर्श यांत्रिक लाभ, म्हणजे घर्षण सोडलं तर जोर किती पट होतो ते, कळतो. नियमात लाभाचा आकडा मागितलेला असेल तर पंचांसमोर पदर मोजून दाखवता यायला हवेत.

मुलांचा सगळ्यांत जास्त वेळ खातं ते घड्याळ. यंत्र झटकन संपून चालत नाही. लक्ष्य वेळ दिलेली असते आणि तिच्या जितकं जवळ जाल तितके गुण. प्रादेशिक आणि राज्यस्तरावर ही वेळ वेगवेगळी असू शकते, काही वर्षी तर पंच आयत्या वेळी सांगतात. म्हणून साखळीत कुठेतरी जाणूनबुजून संथ चालणारा आणि बदलता येणारा टप्पा हवा. एका भोकातून गळणारी वाळू बहुतेक मुलं आधी करून बघतात. दमट हवेत ती अडकते. छोट्या मोटरने लांब आटे असलेला दांडा फिरवायचा आणि त्यावरून सरकणाऱ्या नटने शेवटी पुढची कळ दाबायची, हे जास्त भरवशाचं. नट कुठून सुरू करायचा ते बदललं की वेळ बदलते. दांड्यावर सेकंदांच्या खुणा करून ठेवा. बॅटरी मात्र त्या दिवशी नवी आणि खुणा करताना वापरली त्याच बनावटीची हवी, नाहीतर खुणा खोट्या पडतात.

स्पर्धेच्या दिवशी

संरक्षक चष्मा. ज्या प्रकारांना चष्मा लागतो त्यांना पुस्तिकेत त्याचा प्रवर्ग एका अक्षराने दिलेला असतो आणि चष्म्यावर ‘झेड ८७’ (Z87) हा सुरक्षा-मानकाचा छाप लागतो. रोजचा नंबरचा चष्मा चालत नाही, त्यावरून बसणारा घ्या. हा चष्मा नसेल आणि वेळेत मिळाला नाही, तर स्पर्धकाला उतरू देत नाहीत.

पेटी आधी जमा करायची असेल तर ती वेळ सकाळी लवकर असते आणि ती संपल्यावर काही ऐकून घेत नाहीत. मांडणीसाठी ठरावीक मिनिटं मिळतात. तिथलं टेबल सपाट नसतं हे गृहीत धरा. पेटीच्या चार कोपऱ्यांना उंची बदलता येणारे पाय आणि सोबत छोटी पाणसळ ठेवली, तर यंत्रातली गोटी भलतीकडे घरंगळत नाही. यंत्र मध्येच अडकलं तर हाताने पुढे ढकलता येतं, गुण कापले जातात एवढंच. मुलं घाबरून उभी राहतात म्हणून हे घरी सांगून ठेवा. पालकांना सहसा आत प्रवेश नसतो.

आणि यंत्र पहाटे मोडलं तरी जायचंच. इथे कमी गुणांचा संघ जिंकतो: पहिल्याला १, दुसऱ्याला २, असं सगळ्या २३ प्रकारांचं मिळून. नुसता भाग घेतला तर जितके संघ तितके गुण पडतात, आलाच नाहीत तर त्याहून एक जास्त, आणि अपात्र ठरलात तर दोन जास्त. म्हणजे मोडकी पेटी घेऊन गेल्यानेही संघाचा एक गुण वाचतो. एका गुणाने बक्षिसाची जागा हुकलेले संघ पाहिले आहेत.

पालकांची मदत कुठवर? यंत्र मुलांचं स्वतःचं असावं, बाहेरच्यांनी बनवून दिलेलं नसावं, अशी प्रशिक्षकाची प्रतिज्ञाच आहे. करवत कशी धरायची ते दाखवा. कापायचं त्यांनी. पंचांनी “हा नट का सरकतो?” विचारलं की पेटी कोणी बनवली ते पहिल्या वाक्यात कळतं, आणि आपल्याकडचे इंजिनियर बाबा इथेच घसरतात.

नियमाचा अर्थ लागत नसेल तर प्रश्न स्पर्धेआधी विचारायचा. अधिकृत खुलासे संकेतस्थळावर येतात, ते छापून फाइलमध्ये ठेवा. पंचांचा निर्णय पटला नाही तर मुलांनी वाद घालायचा नाही, फोनवरून बाबांनी तर नाहीच. प्रशिक्षकाने त्या स्पर्धेच्या नियमाप्रमाणे मुदतीत लवाद समितीकडे लेखी दाद मागायची. तिथे तो छापलेला खुलासा आणि कृतींची यादी हे दोनच कागद कामाला येतात.