मूल चुकेपर्यंत विचारायचं, हाच चाचणीचा नियम

शाळेने ‘एलडी टेस्ट (वाचन-लेखनात मूल का मागे पडतं, म्हणजे अध्ययन अक्षमता आहे का, हे पाहणारी चाचणी) करून घ्या’ म्हटलं, की काही पालक आधी इंटरनेटवर सरावाचे प्रश्न शोधतात. कृपा करून हे करू नका. घोकून आलेल्या मुलाच्या गुणांना काही अर्थ उरत नाही, आणि तीच चाचणी लगेच पुन्हा घेताही येत नाही.

तपासणी बहुतेक वेळा दोन-तीन बैठकांत होते. पहिल्यांदा बोलायचं असतं पालकांनी: मूल कधी बोलायला लागलं, कान-डोळे तपासलेत का, घरात आणखी कुणाला वाचनाचा त्रास होता का. सोबत शाळेच्या वह्या न्या, त्याही रोजच्या, खाडाखोडीच्या.

मग मूल आत जातं. लाल-पांढरे ठोकळे जुळवून चित्रासारखी नक्षी करायची, बाजूला स्टॉपवॉच चालू. सेकंदाला एक या गतीने आकडे ऐकायचे आणि उलटे म्हणायचे: ४-९-२ ऐकलं की २-९-४. शाळेत सगळ्यांना एकच पेपर असतो, इथे तसं नाही. मुलाच्या वयाला साजेशा प्रश्नापासून सुरुवात होते. तिथेच अडलं तर मागे, सोप्याकडे जायचं. जमलं तर पुढे, अवघडाकडे. ठरलेल्या संख्येइतकी उत्तरं लागोपाठ चुकली की तो भाग थांबवायचा. म्हणजे कितीही हुशार मूल असो, बहुतेक भागांच्या शेवटी ते चुकणारच! मूल जिथे अडतं, तिथेच त्याची मर्यादा कळते. त्यात परीक्षक ‘बरोबर’ की ‘चूक’ हेही सांगत नाहीत. म्हणून मुलं बाहेर येऊन ‘मला काहीच आलं नाही’ म्हणतात. ‘शेवटचे प्रश्न मोठ्या मुलांचे असतात’, एवढं आदल्या दिवशी सांगून ठेवा.

बुद्ध्यांक ९३ म्हणजे शंभरपैकी ९३ नव्हे. त्याच वयाच्या मुलांची सरासरी १०० धरलेली असते, प्रमाण विचलन (गुण सरासरीभोवती किती पसरतात, याचं माप) १५. सुमारे दोन-तृतीयांश मुलं ८५ ते ११५ मध्ये येतात. शिवाय मोजमापात चूक असतेच. चाचणीची विश्वसनीयता (गुणांवर किती भरवसा ठेवता येतो, याचं ० ते १ मधलं माप) ०.९६ असेल, तर १ मधून ०.९६ वजा करून उरलेल्या ०.०४ चं वर्गमूळ ०.२, त्याला १५ ने गुणलं की ३. ही प्रमाण त्रुटी. तिच्या दुप्पट दोन्ही बाजूंना धरली, की ९३ चा अर्थ ‘बहुधा ८७ ते ९९ च्या दरम्यान’ असा होतो. मुलाचे गुण ज्या तक्त्याशी ताडून बुद्ध्यांक काढतात, तो कोणत्या वर्षाचा, हेही विचारा. आपल्याकडे रुळलेली मालिन यांची मुलांसाठीची बुद्धिमत्ता चाचणी १९६९ ची आहे. विसाव्या शतकात पिढीगणिक सरासरी गुण वाढत गेले, त्यामुळे जुन्या तक्त्यावर बुद्ध्यांक फुगलेला दिसू शकतो.

बोटांचे ठसे घेऊन बुद्धिमत्ता सांगणाऱ्यांकडे मात्र एक रुपयाही देऊ नका. ठशांची नक्षी आईच्या पोटातच ठरते. मूल जोडाक्षरांवर का अडखळतं, हे ती सांगूच शकत नाही. त्या दाव्याला शास्त्रीय आधार नाही.

अहवालात एकूण आकड्यापेक्षा भागांमधला फरक बघा. शब्दसंग्रह उत्तम, तोंडी उत्तरं चोख, पण वाचन दोन इयत्ता मागे, अशी तफावत असेल तर अध्ययन अक्षमतेचा विचार होतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात तिचा समावेश आहे. दहावीला जादा वेळ किंवा लेखनिक हवा असेल, तर नुसत्या खासगी अहवालावर विसंबू नका. अधिकृत सरकारी रुग्णालयाचं प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आठवी-नववीतच अर्ज करून ठेवा.