काडीवरची चकती आणि कंट्रोल-झेड: फोटो एडिटिंगच्या पहिल्या धड्यांची पार्श्वभूमी

दहावी-बारावीचे निकाल लागले, की ठाण्यात स्टेशनपासून नौपाड्यापर्यंतच्या झेरॉक्सच्या दुकानांत एकच मागणी कानावर पडते: "फोटो 50 केबीच्या आत बसवून द्या ना." मुलाच्या फोनमध्ये 12 मेगापिक्सेलचा झकास फोटो असतो, तरी हे काम दुकानावर येतं. घरी करू म्हटलं आणि फोटोशॉप किंवा गिंप हे फोटो एडिट करायचे प्रोग्राम उघडले, तर डावीकडे विचित्र खुणांची रांग दिसते. एकमेकांत अडकवलेले दोन काटकोन, काडीच्या टोकाला गोल चकती, अर्धवट मूठ वळवलेला हात. यातल्या बऱ्याच खुणा छपाईच्या टेबलावरून आणि डार्करूममधून, म्हणजे फिल्मवरचे फोटो कागदावर उतरवायच्या अंधाऱ्या खोलीतून, उचललेल्या आहेत. ते टेबल आणि ती डार्करूम ज्यांनी पाहिलीच नाही, त्यांना त्या खुणांवरून काही उमगेल ही अपेक्षाच जरा जास्त आहे.

आधी त्या केबीचंच पाहू. 12 मेगापिक्सेल म्हणजे साधारण 4000 गुणिले 3000 ठिपके. प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन बाइट धरले, तर कच्चा फोटो 36 एमबीचा होतो. फोनमध्ये तो काही एमबीत मावतो, याचं श्रेय 1992 साली मान्य झालेल्या जेपेग या पद्धतीला. डोळ्याला उजेड-अंधारातला बारीक फरक चटकन कळतो, रंगातला तितका कळत नाही. जेपेग नेमका याचा फायदा घेतं. चित्राचे 8 बाय 8 ठिपक्यांचे चौकोन पाडून त्यातला न जाणवणारा तपशील ते टाकून देतं. टाकलेलं परत येत नाही, म्हणून तीच फाइल पुनःपुन्हा एडिट करून सेव्ह केली की चेहरा हळूहळू मळकट होत जातो. मागचा पडदा नक्षीदार असेल तर फाइल फुगते, साधी पांढरी भिंत स्वस्तात जाते.

साडेतीन बाय साडेचार सेंटीमीटरचा फोटो 300 डीपीआयने, म्हणजे इंचाला 300 ठिपक्यांनी, छापायला फक्त 413 बाय 531 ठिपके पुरतात. तेवढा लहान केला की 50 केबी मुळीच कठीण नाही. पण बरेच जण ठिपके तसेच ठेवून 'रिझोल्यूशन'च्या चौकटीत 72 च्या जागी 300 लिहितात आणि काहीच बदलत नाही म्हणून वैतागतात. बदलणार कसं? तो आकडा छापताना एका इंचात किती ठिपके बसवायचे एवढंच सांगतो. आणि 72 हा आकडा तर 1984 च्या मॅकिंटॉशच्या पडद्यावरून आलेला आहे. छपाईत इंचाचे 72 पॉइंट धरायचे, म्हणून पडद्यालाही इंचाला 72 ठिपके दिले होते. तो पडदा केव्हाच गेला, आकडा मात्र चौकटीत मुक्काम ठोकून आहे.

क्रॉपच्या, म्हणजे फोटोच्या कडा छाटण्याच्या, खुणेतले दोन काटकोन म्हणजे पुठ्ठ्याचे दोन तुकडे. संपादक ते छायाचित्रावर सरकवत चौकट ठरवायचे आणि कडेला मेणाच्या पेन्सिलीने खूण करायचे. कापाकापी नंतर, छापखान्यात. 2012 च्या फोटोशॉप सीएस6 मध्ये ॲडोबी या फोटोशॉपच्या कंपनीने क्रॉपची चालच बदलली. चौकट जागेवर राहते आणि फोटो तिच्याखाली सरकतो. ज्यांचे हात आधीच्या सवयीचे, ते अजून जुन्या पद्धतीचा पर्याय शोधून चालू करतात.

डार्करूमचा भाग मात्र सविस्तर सांगण्यासारखा आहे. एनलार्जरचा, म्हणजे फोटो मोठा करून छापायच्या यंत्राचा, उजेड निगेटिव्हमधून कागदावर पडतो तेव्हा जिथे उजेड कमी पडेल तो भाग फिकट राहतो, जास्त पडेल तो काळवंडतो. म्हणून चेहरा उजळ ठेवायचा तर तारेला लावलेली चकती त्यावर धरून हलवत राहायची, हे डॉज. आकाश गडद हवं तर मूठ वळवून बोटांच्या फटीतून तेवढ्याच जागी जादा उजेड सोडायचा, हे बर्न. चकती आणि मूठ या खुणा इथून आल्या. 'अनशार्प मास्क' या नावाने तर आजही माणूस हटकून फसतो, कारण फोटो धारदार करण्याच्या आज्ञेला धारदार नसल्याचं नाव आहे. मूळची रीत अशी: निगेटिव्हची मुद्दाम धूसर केलेली पॉझिटिव्ह प्रत काढायची, दोन्ही एकमेकांवर ठेवायच्या आणि त्यातून छापायचं. धूसर प्रतीने मोठे उजेड-अंधार दबतात, कडा उठून दिसतात. 1930 च्या दशकापासूनची ही युक्ती आहे. आपल्याकडच्या स्टुडिओंत याखेरीज 'टचिंग' चालायचं, म्हणजे टोकदार पेन्सिलीने थेट निगेटिव्हवर सुरकुत्या आणि डाग बुजवणं. ती कला हातात असलेला माणूस स्टुडिओची खरी कमाई असे. 2002 मध्ये फोटोशॉप 7 मध्ये हीलिंग ब्रश आला आणि तेच काम नवशिक्यालाही बऱ्यापैकी जमू लागलं.

डार्करूम सॉफ्टवेअरमध्ये शिरली ती मात्र एका घरातून. मिशिगन विद्यापीठात शिकवणारे ग्लेन नोल हे हौशी छायाचित्रकार होते आणि त्यांच्या तळघरात डार्करूम होती. मुलगा थॉमस तिथे रंग आणि कॉन्ट्रास्ट साधायला शिकला. 1987 मध्ये पीएच.डी. करताना त्याने मॅकिंटॉश प्लसच्या निव्वळ काळ्या-पांढऱ्या पडद्यावर करड्या छटा दाखवणारा छोटा प्रोग्राम लिहिला, त्याचं नाव 'डिस्प्ले'. भाऊ जॉन चित्रपटांच्या स्पेशल इफेक्ट्सच्या कंपनीत, इंडस्ट्रियल लाइट अँड मॅजिकमध्ये, कामाला होता. त्याला यातली ताकद दिसली. सुरुवातीला बार्नीस्कॅन नावाच्या स्कॅनरबरोबर काही प्रती गेल्या, मग ॲडोबीने हक्क घेतले आणि फेब्रुवारी 1990 मध्ये फोटोशॉप 1.0 बाजारात आलं, फक्त मॅकसाठी. लेव्हल्सची, म्हणजे उजेड-अंधार जुळवायची, चौकट उघडून काळ्या-पांढऱ्याचे टोकाचे बिंदू सरकवणं हा आजही पहिल्या धड्यांतला एक धडा असतो. तळघरातला संस्कारच तो.

फोटोतला माणूस कापून घेणं, आपल्या भाषेत 'कटिंग', हे ठाण्यातलं दुसरं सार्वजनिक काम. तीन हात नाक्याला किंवा घोडबंदर रोडला कुठेही मान वर करा, वाढदिवसाच्या फ्लेक्सवर मधोमध एक मोठा चेहरा, डोक्यावर साहेबांचे चेहरे आणि खाली कार्यकर्त्यांची दाटी. पूर्वी हे फलक पेंटर रंगवत. सॉल्व्हंट प्रिंटर आणि फ्लेक्स आले तसं ते काम ब्रशकडून माउसकडे गेलं. इतके चेहरे कापायचे तर बिंदू जोडत कडेने रेषा काढणारं पेन टूल लागतंच. ते फोटोशॉपमध्ये 1991 मध्ये 2.0 बरोबर आलं. त्याच्या वक्र रेषा मात्र फ्रान्सच्या मोटार कारखान्यांतल्या आहेत. रेनोचे अभियंते पिएर बेझिए यांनी गाडीचा पत्रा कसा वळवायचा यासाठी ते गणित वापरात आणलं, म्हणून त्या वक्रांना त्यांचंच नाव पडलं. त्याच गणिताने आज भावी नगरसेवकांचे कान कापले जातात. हँडल ओढताना रेषा भलतीकडे पळते तेव्हा नवख्याने एवढं ध्यानात ठेवावं, की बिंदू जितके कमी तितका वक्र सफाईदार.

पण कापलेला चेहरा चिकटवल्यावर पुढे काय? 1994 मध्ये 3.0 येईपर्यंत उत्तर होतं, काही नाही. सिलेक्शन, म्हणजे निवडलेला भाग, सोडलं की चेहरा खालच्या चित्रात मिसळला, आता हलवता येणार नाही. लेयर आल्यावर एकेक चेहरा स्वतंत्र काचेवर असल्यासारखा राहू लागला. फ्लेक्स छापायला जाण्याच्या तासभर आधी "दादांचा फोटो थोडा मोठा घ्या" असा फोन येतो, आणि तो फोन झेलणं शक्य झालं ते लेयरमुळेच. नवशिक्याची सगळ्यात सामान्य अडचणही इथलीच: ब्रश फिरवतोय आणि काहीच उमटत नाही. बहुतेक वेळा चुकीचा लेयर निवडलेला असतो किंवा कुठेतरी सिलेक्शन राहून गेलेलं असतं.

चूक मागे घेण्याचाही इतिहास आहे आणि तो चीड आणणारा आहे. कंट्रोल-झेड फोटोशॉपमध्ये बरीच वर्षं एकच पाऊल मागे जायचं, पुन्हा दाबलं की चूक परत जागेवर. 5.0 मध्ये, 1998 साली, हिस्टरी पॅनल आलं तरी कंट्रोल-झेडची सवय तीच राहिली. पावलोपावली मागे जायला कंट्रोल-ऑल्ट-झेड लागायचं. हे 2018 च्या ऑक्टोबरमध्ये बदललं. त्यामुळे दुकानातल्या मुरलेल्या डीटीपी ऑपरेटरकडून शिकलात तर तीन बोटांची कसरत शिकाल, व्हिडिओ बघून शिकलात तर दोन बोटांची.

फुकटचं गिंप वापरणाऱ्यांचा घोळ निराळा. बर्कलेच्या स्पेन्सर किंबल आणि पीटर मॅटिस या दोन विद्यार्थ्यांनी 1995 मध्ये ते लिहायला घेतलं. 2012 च्या 2.8 आवृत्तीपासून त्यात 'सेव्ह' केलं की फाइल एक्ससीएफ या गिंपच्या स्वतःच्या प्रकारातच जाते. जेपेग हवं तर 'एक्स्पोर्ट'. कारण रास्त आहे, जेपेगमध्ये लेयर राहत नाहीत, आणि नकळत लेयर गमावलेले लोक पुष्कळ होते. तरी व्हॉट्सॲपवर एक्ससीएफ फाइल पाठवून "उघडत नाही" म्हणणारा एक तरी माणूस प्रत्येक सोसायटीच्या ग्रुपवर असतोच.

राहिला मजकूर, आणि मराठी माणसाला सगळ्यात जास्त छळलं ते यानेच. फोटोशॉपमध्ये टाइप केलेली अक्षरं नंतर बदलता येणं 1998 च्या 5.0 पासून सुरू झालं, पण ते इंग्रजीसाठी. देवनागरीत ऱ्हस्व वेलांटी टाइप होते अक्षरानंतर आणि दिसायला हवी अक्षराच्या आधी. रफार टाइप होतो आधी आणि बसतो पुढच्या अक्षराच्या डोक्यावर. जुन्या सीएस आवृत्त्यांना ही उलटापालट येत नव्हती. युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामायिक अक्षर-संकेतात, 'हार्दिक' लिहिलं की र चा पाय मोडलेला आणि वेलांटी द च्या पलीकडे पडलेली. प्रत्येक फ्लेक्सवर हवाच असलेला शब्द, आणि त्यात दोन्ही अडचणी एकदम.

यावर तोड होती श्रीलिपीसारख्या फॉन्टची. त्यात मराठी अक्षरांचे तुकडे इंग्रजी अक्षरांच्या जागी बसवलेले असत. फोटोशॉपला वाटे आपण इंग्रजीच मांडतोय, आणि पडद्यावर स्वच्छ 'हार्दिक' उमटे. गिंपमध्ये अक्षरजुळणीचं काम पँगो ही वेगळी व्यवस्था करते, तिला देवनागरी येते. फोटोशॉपच्या पुढच्या आवृत्त्यांतही दक्षिण आशियाई लिप्यांची सोय आली, फक्त सुरुवातीला ती सेटिंगमध्ये जाऊन निवडावी लागे आणि बऱ्याच जणांना ती तिथे आहे हेच ठाऊक नसे. म्हणून आज नवं शिकणाऱ्याने सरळ युनिकोड फॉन्ट घ्यावा. दुकानांत मात्र श्रीलिपी अजून आहे, कारण वर्षानुवर्षांच्या फाइली त्यातच बांधलेल्या आहेत. तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर त्या फाइलीतला मजकूर बदलायला गेलं, की शुभेच्छांच्या जागी इंग्रजी अक्षरांची आणि चिन्हांची खिचडी दिसते. कन्व्हर्टरमधून मजकूर युनिकोडमध्ये आणता येतो, पण आणल्यावर प्रत्येक रफार आणि जोडाक्षर डोळ्याखालून घालावं लागतं.