अठराव्या गुणसूत्राचा हरवलेला तुकडा

गुदाशयाच्या कॅन्सरचं ऑपरेशन पार पडतं, गाठ पूर्ण निघते, आणि घरचे विचारतात, "डॉक्टर, परत तर नाही ना येणार?" उत्तर मिळतं ते स्टेजवरून: गाठ भिंतीत किती खोल गेली, लसिकाग्रंथींत पोचली का. पण एकाच स्टेजच्या दोघांपैकी एक वर्षानुवर्षं ठणठणीत राहतो आणि दुसऱ्याचा आजार उलटतो. असं का?

संशय गुणसूत्रांवर आहे, आणि तो जुना आहे. जर्मन जीवशास्त्रज्ञ थिओडोर बोव्हेरी यांनी समुद्री अर्चिन या काटेरी प्राण्याच्या अंड्यांत गुणसूत्रांची वाटणी बिघडली की काय होतं, ते पाहिलं होतं. कॅन्सरचं मूळही अशाच बिघाडात असावं, असं त्यांनी १९१४ मध्ये मांडलं.

निरोगी पेशीत ४६ गुणसूत्रं असतात आणि पेशी दुभंगताना दोन्ही नव्या पेशींना सारखा वाटा मिळतो. मोठ्या आतड्याच्या आणि गुदाशयाच्या बहुतेक गाठींत हा हिशेब चुकत जातो. कुठे गुणसूत्राची जादा प्रत येते, कुठे तुकडा गळतो. गुणसूत्राला एक आखूड आणि एक लांब भाग असतो, त्यांना भुजा म्हणतात. सतराव्या गुणसूत्राच्या आखूड भुजेवर टीपी-५३, अठराव्याच्या लांब भुजेवर स्मॅड-४ ही जनुकं पेशीच्या वाढीला आवर घालतात. तो तुकडाच गेला की आवर सुटतो. बाल्टिमोरच्या बर्ट व्होगेलस्टाइन यांच्या गटाला १९८८ मध्ये अठराव्याचा हा भाग ७३ टक्के कॅन्सरच्या गाठींत हरवलेला आढळला. सुरुवातीच्या लहान पॉलिपमध्ये (कॅन्सर होण्याआधीच्या आतड्यातल्या वाढीत) मात्र तो क्वचितच गेलेला होता.

१९९४ मधल्या एका अभ्यासाने तर आशा फारच वाढवली. दुसऱ्या स्टेजच्या रुग्णांपैकी ज्यांच्या गाठीत हा तुकडा शाबूत होता, त्यांतले ९३ टक्के पाच वर्षांनी जिवंत होते. तुकडा हरवलेल्यांत हे प्रमाण ५४ टक्के होतं.

पुढे हा निकाल डळमळला, आणि त्याचं कारण मला मूळ शोधाइतकंच मोलाचं वाटतं. काही गाठींत गुणसूत्रं जवळपास जागच्या जागी असतात. त्यांच्यात बिघडलेली असते ती डीएनएच्या चुका दुरुस्त करणारी यंत्रणा. ऑपरेशननंतर असे रुग्ण मुळातच बरे राहतात, आणि त्यांचा अठरावाही सहसा शाबूत असतो. म्हणजे बरं राहण्याचं श्रेय बरंचसं अठराव्याचं नव्हतं, या वेगळ्या प्रकारच्या गाठींचं होतं. या गाठी वेगळ्या काढल्यावर अठराव्याचं भाकीत फिकं पडलं.

गुदाशयात तर आणखी गुंता. दुरुस्ती बिघडलेल्या गाठी इथे मोजक्याच. एकाच गाठीतल्या पेशींची गुणसूत्रंही एकसारखी नसतात, त्यामुळे बायोप्सीचा चिमूटभर तुकडा सगळ्या गाठीची साक्ष देत नाही. शिवाय उपचारांचा वाटा मोठा. नेदरलँड्समधल्या मोठ्या चाचणीत (२००१) नीट शस्त्रक्रियेच्या आधी रेडिएशन दिल्यावर दोन वर्षांत त्याच जागी आजार उलटण्याचं प्रमाण ८.२ वरून २.४ टक्क्यांवर आलं.

म्हणून एकट्या अठराव्यावरून आज कोणाचे उपचार ठरत नाहीत. दुरुस्ती-यंत्रणेची तपासणी मात्र बायोप्सीवर होते, आणि ती रेडिएशन सुरू होण्याआधीच व्हायला हवी. २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंग या कॅन्सर रुग्णालयात दुरुस्ती बिघडलेल्या गाठीच्या बारा रुग्णांना डोस्टारलिमॅब हे इम्युनोथेरपीचं (शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरवर सोडणारं) औषध सहा महिने दिलं. बाराही जणांची गुदाशयातली गाठ तपासण्यांत दिसेनाशी झाली. तोवर कोणालाही रेडिएशन लागलं नव्हतं, की ऑपरेशन.